मोदकांच्या दिवशी पोळी बंद

गणेश चतुर्थी आठवड्यावर आली की बोरिवली, मुलुंड, घाटकोपर, अंधेरी या भागांतल्या पोळी-भाजी केंद्रांच्या दारावर कागद लागतात. ‘उकडीच्या मोदकांची ऑर्डर घेतली जाईल’ ही पहिली ओळ. बऱ्याच ठिकाणी तिच्याखाली दुसरीही असते: ‘चतुर्थीला पोळी-भाजी मिळणार नाही.’ रोजच्या गिऱ्हाइकाला ही दुसरी ओळ खटकते. वर्षभर न चुकता पोळ्या देणारे केंद्र नेमके सणाला का बंद, असे तो विचारतो. केंद्र बंद नसतेच. उलट त्या दिवशी तिथे पहाटे तीनपासून दिवे लागलेले असतात. पण शेगड्या तेवढ्याच, हात तेवढेच आणि दुपारी नैवेद्य दाखवायची वेळही ठरलेली, त्यामुळे एक पदार्थ वाढवायचा तर दुसरा सोडावा लागतो. अर्थशास्त्राच्या पुस्तकात याला उत्पादन शक्यता वक्र म्हणतात आणि सोडलेल्या पोळ्यांना मोदकांचा संधी खर्च.

एरवीचा दिवस आधी पाहू. स्टेशनपासून चालत पाच-दहा मिनिटांवर जुन्या इमारतीच्या तळमजल्यावरची एखादी खोली किंवा छोटा गाळा, एवढाच केंद्राचा पसारा असतो. पहाटे कणीक भिजते, कारण सकाळचे डबे भरायला लोक सात वाजल्यापासून येऊ लागतात. संध्याकाळची दुसरी फेरी लोकलच्या वेळापत्रकावर चालते. गाडीतून उतरलेली माणसे घराकडे जाताना पिशवीत आठ-दहा पोळ्या आणि पाव किलो भाजी घेऊन जातात. आत एक बाई परातीत कणीक तिंबून गोळे करते, दोघी-तिघी लाटतात, एक तव्यापाशी उभी असते, एक पोळ्या मोजून बांधते. घरी ही सगळी कामे एकच बाई करते, पण इथे तसे करून चालत नाही. पिठाचे हात धुवायचे, गॅस कमी-जास्त करायचा, चिमटा ठेवून लाटणे उचलायचे, यात प्रत्येक वेळी थोडा वेळ जातो आणि दोनशे पोळ्यांमध्ये तो भरपूर साचतो. अॅडम स्मिथने 1776 साली श्रमविभागणीचे जे तीन फायदे सांगितले त्यांत हा एक होता: एका कामावरून दुसऱ्यावर जाताना वाया जाणारा वेळ वाचतो. त्याने सांगितलेला दुसरा फायदा, हाताला बसणारे वळण, तव्यापाशी उभ्या असलेल्या बाईकडे पाहिले की कळतो. पोळी कधी उलटायची हे ती पाहून ठरवत नाही. तिची नजर पुढच्या पोळीवर असते आणि हात आधीची उलटत असतो.

मोदकांची गोष्ट निराळी. पोळीला कोरडे पीठ लागते, मोदकाला ओले हात. तांदळाची पिठी उकळत्या पाण्यात घालून, मीठ आणि थोडे तूप टाकून वाफ आणली की ती उकड गरम असतानाच मळावी लागते. चटके बसतात, पण थांबता येत नाही. गार झालेली उकड चिरते, मग पारी फाटते. म्हणून मळलेल्या गोळ्यावर ओले फडके असते आणि बाजूला पाण्याचे आणि तेलाचे भांडे. नारळ खवणे, गूळ-खोबऱ्याचे सारण शिजवून त्यात वेलची-खसखस घालणे ही कामे आदल्या रात्री उरकता येतात. मोदकपात्रात हळदीचे किंवा केळीचे पान घालून दहा-पंधरा मिनिटे वाफवणे कुणालाही जमते. अडते ते मधे. पारी कडेला पातळ आणि तळाशी जराशी जाड ठेवायची, तिला चिमटीने सारख्या अंतरावर कळ्या पाडायच्या आणि त्या न फाटता वर टोकाशी मिटवायच्या, हे थोड्या हातांनाच येते. केंद्रातल्या सगळ्या कामाचा वेग या एक-दोन हातांवर ठरतो. शेगडी वाढवली, नारळ आधी खवून ठेवले, तरी मोदक तेवढेच होतात जेवढ्या कळ्या पडतात.

आता हिशेब करून पाहू. समजा, काकू तासाला 40 मोदक वळतात किंवा 80 पोळ्या लाटतात. नवी आलेली मुलगी तासाला 10 मोदक वळते किंवा 60 पोळ्या लाटते. काकू दोन्हींत सरस आहेत. तरीही काकूंचा एक मोदक दोन पोळ्यांना पडतो आणि त्या मुलीचा सहा पोळ्यांना. दोघींनी अर्धा-अर्धा तास दोन्ही कामे केली तर 25 मोदक आणि 70 पोळ्या होतील. मुलीने पूर्ण तास पोळ्या लाटल्या आणि काकूंनी शेवटची साडेसात मिनिटे तिला हात देऊन बाकी सगळा वेळ मोदकच वळले, तर पोळ्या 70 च राहतात आणि मोदक 35 होतात. एकही माणूस, एकही शेगडी न वाढवता दहा मोदक जास्तीचे. पोळ्याही काकूच जास्त भराभर लाटतात, मग त्यांना पोळपाटावर का बसवत नाही, असे केंद्र चालवणाऱ्या ताईंना कुणी विचारले तर त्या हेच उत्तर देतील, फक्त आकडे न मांडता.

डेव्हिड रिकार्डोने 1817 मध्ये हाच मुद्दा देशांबद्दल मांडला. त्याच्या उदाहरणात ठरावीक कापड विणायला इंग्लंडमध्ये वर्षभर 100 माणसे लागत आणि पोर्तुगालमध्ये 90. ठरावीक दारू करायला इंग्लंडला 120 लागत आणि पोर्तुगालला 80. पोर्तुगाल दोन्हींत पुढे असूनही त्याने दारू करावी आणि कापड इंग्लंडकडून घ्यावे, यात दोघांचाही लाभ आहे, हे त्याने दाखवले. कोण अधिक चांगला, एवढ्यावर कामाची वाटणी ठरत नाही. एक काम करताना दुसरे किती हातचे जाते, यावर ती ठरते.

ऑर्डर वाढत गेल्या की हा हिशेब कडक होतो. आधी काकू पोळपाटावरून उठतात, मग त्यांच्याखालोखाल हात बसलेली बाई उठते. शेवटी कळ्या नीट न येणाऱ्या मुलीलाही मोदकांवर बसवावे लागते आणि तिच्या प्रत्येक मोदकापायी सहा पोळ्या जातात. म्हणूनच उत्पादन शक्यतेची पुस्तकातली ती रेघ सरळ न राहता बाहेर फुगलेली असते. आणि चतुर्थीला तर मुळात हातच कमी. मुंबईतल्या स्वयंपाकाच्या कामातल्या कितीतरी बाया रत्नागिरी-सिंधुदुर्गाच्या. गणपतीला चाकरमानी कोकणात निघतात, रेल्वे जादा गाड्या सोडते, एसटी जादा बस सोडते, आणि त्या गाड्यांमधून उत्तम कळ्या पाडणारे हातही गावाला जातात. ज्या मागे राहतात त्यांच्या घरीही गणपती असतो. त्यांच्या त्या सकाळची किंमत म्हणजे स्वतःच्या घरची पूजा आणि आरती. चतुर्थीला मोदकाचा दर चढतो तो नारळ महागला म्हणून तेवढा नाही, जेवढा या सकाळमुळे.

गिऱ्हाइकाच्या बाजूलाही असाच एक तास आहे. केंद्र सरकारच्या 2019 च्या वेळ-वापर पाहणीनुसार घरातले बिनपगारी काम करणाऱ्या स्त्रियांची रोज सरासरी 299 मिनिटे त्यात जात होती आणि पुरुषांची 97. पाच वर्षांनी, 2024 च्या पाहणीत हे आकडे 289 आणि 88 झाले. दोघांचाही वेळ नऊ-दहा मिनिटांनी कमी झाला, दरी तेवढीच राहिली. बोरिवलीहून चर्चगेटला किंवा मुलुंडहून सीएसएमटीला नोकरीला जाणाऱ्या बाईच्या सकाळचा कणीक-पोळीचा तास विकत आणलेल्या पोळ्यांमुळे मोकळा होतो. त्याची किंमत फक्त तिच्या पगारात मोजायची नाही. तो तास झोपेचा असतो, मुलाच्या अभ्यासाचा असतो, कधी नुसता बसून चहा पिण्याचा असतो. पोळी विकत आणली की ‘बाईची सोय झाली’ असे म्हणतात. खरे तर ती पोळी घरातल्या सगळ्यांनी खाल्लेली असते, म्हणजे सोय सगळ्यांचीच झालेली असते.

मुंबईला ही देवघेव नवी नाही. गिरणगावात एकट्याने राहणाऱ्या कामगारांना जेवू घालणाऱ्या खानावळी बायकाच चालवत. गिरणीच्या पाळीत राबणाऱ्याला चूल पेटवायला वेळ नव्हता आणि चुलीपाशी असलेल्या बाईला गिरणीत काम सहसा मिळत नव्हते. या बायकांना सावकाराच्या व्याजातून सोडवण्यासाठी प्रेमाताई पुरव यांनी 1975 मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ उभे केले आणि त्यांना बँकेच्या कर्जाची वाट दाखवली. डबेवाल्यांनी तर त्याच्याही आधी, 1890 पासून, महादू हावजी बच्चे यांच्या पुढाकाराने वेगळीच विभागणी केली होती: स्वयंपाक घरीच राहू द्यायचा, वाहण्याचे काम तेवढे वेगळे काढायचे. मावळ, खेड, आंबेगाव, जुन्नरकडची ही माणसे अंधेरीसारख्या स्टेशनवर डबे उतरवून, झाकणावरच्या खुणा वाचून, त्यांची पुन्हा वाटणी करतात तेव्हा सकाळची गर्दी ओसरलेली असते. सव्वाआठच्या लोकलमध्ये ज्या डब्याला जागा मिळाली नसती, तो अकराच्या गाडीने निवांत जातो.

या सगळ्यात जागेचा हिशेब चुकला तर चांगला हेतूही तरत नाही. राज्यात 1995 साली आलेल्या युती सरकारने एका रुपयात झुणका-भाकर द्यायची योजना आणली आणि केंद्रांसाठी मोक्याच्या जागा दिल्या. त्याच जागेवर वडे, चायनीज किंवा थंड पेये विकून कितीतरी अधिक मिळत होते. म्हणजे एका भाकरीचा खरा खर्च पीठ आणि बेसन एवढाच नव्हता, त्या रस्त्याच्या कडेच्या फुटांचाही होता. बऱ्याच स्टॉलवरून भाकरी हळूहळू दिसेनाशी झाली आणि पुढच्या सरकारने योजना गुंडाळली. उपनगरातले पोळी-भाजी केंद्र टिकते ते अनेकदा जागा स्वतःची असते किंवा गल्लीच्या आत, कमी भाड्याची असते म्हणून.

मर्यादेची रेघ कायमची नसते, हे गिरगावातल्या सात बायकांनी दाखवले. 15 मार्च 1959 रोजी त्यांनी 80 रुपयांच्या उसन्या भांडवलावर इमारतीच्या गच्चीत पापड लाटले आणि पहिल्या दिवशी चार पाकिटे केली. तेच पुढचे लिज्जत. पहिल्या पावसाळ्यात ऊन नसल्याने काम चार महिने थांबले. पुढच्या वर्षी त्यांनी एक खाट आणि एक स्टोव्ह विकत घेतला. वर पापड पसरायचे, खाली स्टोव्ह पेटवायचा. मोठे यंत्र नाही, मोठे कर्ज नाही, तरी वर्षाचे आठ महिन्यांचे काम बारा महिन्यांचे झाले. पुढे कामाची विभागणीही त्यांनी विचारपूर्वक केली. पीठ केंद्रावर मळले जाते, कारण चव आणि प्रमाण एकसारखे हवे. लाटायला बायका ते घरी नेतात, कारण पोळपाट-लाटणे प्रत्येकीकडे असते आणि लहान मूल असलेल्या बाईला घर सोडता येत नाही. दुसऱ्या दिवशी वाळलेले पापड तपासून, वजन करून परत घेतले जातात आणि मजुरी मिळते. आज लिज्जतच्या सुमारे 45 हजार भगिनी-सदस्य आहेत. सुरुवात करणाऱ्या सातजणींपैकी जसवंतीबेन पोपट यांना 2021 साली पद्मश्री जाहीर झाली.

लिज्जतचे मोठेपण लाटण्याच्या वेगात नाही. जी लाटते तीच मालक असते आणि नफ्यात तिचा वाटा असतो, हे खरे मोठेपण. विशेषीकरणाने वस्तू वाढतात हे रिकार्डोने सिद्ध केले, पण वाढलेला हिस्सा दोघांत कसा वाटला जाईल हे त्याने मोकळे ठेवले. जॉन स्टुअर्ट मिलने पुढे ते मागणीच्या जोरावर ठरते असे मांडले. पोळी-भाजी केंद्रात हा प्रश्न रोज समोर असतो. लाटणाऱ्या बाईला दुसरीकडे काय मिळू शकते, त्याच्या फार वर तिची मजुरी जात नाही. तिच्यापुढे पर्याय म्हणजे चार घरची धुणीभांडी किंवा मुलांना सांभाळत घरी बसणे, आणि हे पर्याय स्वस्त आहेत म्हणून तिची पोळीही स्वस्त आहे. गिऱ्हाइकाचा मोकळा झालेला तास मात्र महाग आहे. दोन्ही बाजूंना लाभ होतो हे खरे, पण तो सारखा होत नाही, आणि ही विषमता बाजार आपोआप मिटवेल असे मानायला कुठलाच आधार नाही. जिथे बायकांचा बचत गट स्वतः केंद्र चालवतो तिथे निदान नफा त्यांच्याच हातात राहतो. उपनगरांत अशी केंद्रे वाढायला हवीत. महापालिकेने मंडईतले गाळे देताना त्यांचा विचार आधी करावा.

यंदा मोदकांची ऑर्डर आठवडाभर आधी द्या, म्हणजे केंद्राला हातांची जुळवाजुळव करता येईल. दरावरून घासाघीस करू नका. आणि ऑर्डर देताना एक प्रश्न जरूर विचारा: कळ्या पाडणाऱ्या बाईला नगामागे किती मिळतात?