गाव सोडलं की ‘कर’ लागतो

सिंधुदुर्गातल्या इन्सुलीत राहणाऱ्याला इन्सुलकर म्हणून कोण हाक मारणार? तिथे सगळेच इन्सुलीचे. गावात माणूस ओळखायचा तो वाडीवरून, घराण्यावरून, देवळातल्या मानावरून. तेच घर पेडण्याला किंवा मुंबईत गिरणगावात जाऊन बसलं, की शेजारी विचारतात, ‘तुमी खंयचे?’ या प्रश्नाचं उत्तरच पुढे आडनाव होऊन बसतं. आडनावांच्या नादात माझी बरीच वर्षं गेली आहेत आणि माझं मत आता पक्कं झालं आहे: ‘कर’ लागलेलं आडनाव म्हणजे घराण्यातल्या कुणीतरी कधीतरी गाव सोडल्याची नोंद.

इन्सुलीचा घाट उतरला की बांदा, तिथून बांदेकर. आरोंद्याचे आरोंदेकर, आचऱ्याचे आचरेकर, रेडीचे रेडकर, खानोलीचे खानोलकर, तेंडोलीचे तेंडोलकर नि तेंडुलकर. गावाच्या शेवटी ‘ई’ असेल तर ती बहुधा गळते, ‘आ’ असेल तर त्याचा ‘ए’ होतो. हा नियम कुठल्या कचेरीनं घातलेला नाही, लोकांच्या जिभेनं घातला. शिवाजी पार्कवर आचरेकर सरांनी तेंडुलकरला घडवलं, हे वाक्य वाचलं की मला क्रिकेटच्या आधी मालवण आणि कुडाळ तालुके दिसतात!

याचं सर्वांत सुंदर उदाहरण मात्र गोव्यातलं. मंगेशीच्या देवळात अभिषेकाचं काम करणारं घराणं अभिषेकी झालं. त्याच गावात 1900 साली जन्मलेले दीनानाथ नाटकाच्या निमित्तानं बाहेर पडले आणि मंगेशकर झाले. पुढे जितेंद्र अभिषेकींनी देवळातल्या कामाचं नाव गाण्यात नेलं, लताबाईंनी गावाचं. एकाच मंगेशीची ही दोन आडनावं मराठी संगीतात शेजारी शेजारी बसली.

पाटील, कुलकर्णी, देसाई, देशपांडे ही हुद्द्यांची आडनावं सर्वांना ठाऊक आहेत, त्यांच्यावर जागा घालवत नाही. शाळेचा दाखला आणि सरकारी नोकरी आली तशी सगळीच आडनावं कागदावर पक्की झाली, एवढं पुरे.

पण सावंतांपाशी थांबायलाच हवं. मूळ शब्द सामंत, म्हणजे मांडलिक. सावंतवाडीच्या राजघराण्याचं आडनाव भोसले, पण खेम सावंत, लखम सावंत, फोंड सावंत अशा नावांनीच ते इतिहासात राहिलं. सुंदरवाडी या त्यांच्या गावाला सावंतवाडी हे नाव मिळालं आणि आज तिथले लोक स्वतःला सावंतवाडीकर म्हणवतात. हुद्द्याचं नाव झालं, नावाचं गाव झालं, गावावरून पुन्हा माणसांना नाव मिळालं.

असाच फेरा इंग्लंडमध्ये सापडला, तेव्हा मला विलक्षण आनंद झाला. बाराव्या शतकात विल्यम द हर्टबर्न नावाच्या जमीनदारानं हर्टबर्नची जमीन देऊन डरहॅम परगण्यातलं वॉशिंग्टन हे गाव घेतलं. गाव बदललं तसं त्याचं नावही बदललं. त्याच्या वंशातला जॉन सतराव्या शतकात समुद्र ओलांडून व्हर्जिनियात गेला. त्याचा पणतू जॉर्ज, अमेरिकेचा पहिला अध्यक्ष. 1791 साली नव्या राजधानीला त्याचं नाव दिलं गेलं. इंग्लंडमधलं मूळ वॉशिंग्टन अजून आहे. आपल्याकडे मात्र वॉशिंग्टनला गेलेल्या त्या विल्यमला लोकांनी हर्टबर्नकरच म्हटलं असतं.

सिंधुदुर्गातले फर्नांडिस आणि डिसोझाही याच पंगतीतले. फर्नांडिस म्हणजे फर्नांदोचा मुलगा, इंग्रजांच्या जॉन्सनसारखा. डिसोझा मात्र थेट ‘कर’चा भाऊबंद: उत्तर पोर्तुगालमध्ये सोझा नावाची नदी आहे, तिच्याकाठचा तो डिसोझा. गोव्यात बाप्तिस्मा घेताना पाद्री किंवा धर्मपिता यांचं आडनाव मिळे, म्हणून न पाहिलेली नदी कोकणातल्या घरांच्या दारावर आली. मंगळूरकडच्या कॅथलिक घरांत त्यापूर्वीची प्रभू, कामत, पै, शेट ही आडनावं आजही सांगितली जातात.