कवच म्हणजे नुसतं आवरण नव्हे

क्वांटम डॉट या अर्धवाहकाच्या अतिसूक्ष्म कणाचा आकार बदलला की रंग बदलतो, हे 2023च्या रसायनशास्त्राच्या नोबेलमुळे बऱ्याच जणांना ठाऊक झालं. मात्र कणाभोवतीचं दुसऱ्या अर्धवाहकाचं कवच फक्त संरक्षणापुरतं असतं, हा समज अजून टिकून आहे. त्याला आधार आहे. उघड्या कॅडमियम सेलेनाइडच्या पृष्ठभागावरचे अणू अर्धवट बांधलेले असतात आणि इलेक्ट्रॉन तिथे अडकून पडतात. 1996मध्ये हाइन्स आणि गुयो-सिओने यांनी झिंक सल्फाइडचा थर चढवला, तेव्हा प्रकाश देण्याची कार्यक्षमता 50 टक्क्यांवर गेली. पण झिंक सल्फाइडऐवजी कॅडमियम सल्फाइड वापरलं, की इलेक्ट्रॉन कवचातही पसरतो आणि होल, म्हणजे इलेक्ट्रॉनने मागे सोडलेली धनभारित रिकामी जागा, गाभ्यातच राहतो. कॅडमियम टेल्युराइडवर कॅडमियम सेलेनाइड चढवलं, तर होल आत आणि इलेक्ट्रॉन बाहेर अशी फारकतच होते. दोघांची गाठ गाभा आणि कवच यांच्या सांध्यापाशी पडते आणि तिथून निघणाऱ्या प्रकाशाची ऊर्जा दोन्ही पदार्थांच्या स्वतःच्या ऊर्जाफटीपेक्षा कमी भरते. नुसत्या आवरणाला हे जमणार नाही.

मग कवच जितकं जाड आणि सांधा जितका रेखीव, तितकं उत्तम? इथे मला सर्वात मोठा गैरसमज दिसतो. कॅडमियम सेलेनाइड आणि झिंक सल्फाइडच्या स्फटिकजालांत सुमारे 12 टक्के तफावत असते. काही थरांनंतर ताण साचतो आणि दोष उगवतात. कॅडमियम सल्फाइडशी ती जेमतेम 4 टक्के, म्हणून 2008मध्ये जाड कवचं वाढवता आली आणि कणांच्या प्रकाशाची उघडझाप बरीच थांबली. तरी ऑजर प्रक्रिया उरतेच: इलेक्ट्रॉन-होल जोडीची ऊर्जा प्रकाश न होता तिसऱ्याच वाहकाला (दुसऱ्या एखाद्या इलेक्ट्रॉनला किंवा होलला) मिळते. सीमा एकदम तुटक असेल, तर त्या वाहकाला लागणारा मोठा संवेग सहज मिळतो. ती हळूहळू उतरती असेल, तर ही गळती मंदावते, असं क्रॅग आणि एफ्रॉस यांनी 2010मध्ये गणिताने दाखवलं. पुढे सांध्यावर सेलेनियम-सल्फरचा मिश्र थर देऊन ते प्रयोगातही दिसलं.

सांधा असा मिसळू दिला तर अशुद्धता नाही का वाढणार, हा आक्षेप रास्त आहे. पण ठरवून केलेला उतार वेगळा आणि नकळत शिरलेली घाण वेगळी. इंडियम फॉस्फाइडच्या गाभ्यावर ऑक्साइड बसलं, की त्या सांध्यावर दोष तयार होतात आणि प्रकाश घटतो. सॅमसंगच्या संशोधकांनी 2019मध्ये कवच चढवतानाच हायड्रोफ्लोरिक आम्लाने ते ऑक्साइड काढलं, त्यावर झिंक सेलेनाइड आणि झिंक सल्फाइड चढवलं, आणि विषारी कॅडमियमशिवाय कार्यक्षमता जवळजवळ 100 टक्क्यांवर नेली.