विहिरीतलं कासव आणि गोठ्यातली गाय

आमच्या राहुरीकडे गाय उलटली की घराचं गणितच उलटतं. आमची तीनदा उलटली, तेव्हा डॉक्टरांनी शंका घेतली ती ‘कॅम्पिलोबॅक्टर फीटस’ या जंतूची. वळूकडून तो गाईकडे येतो आणि गर्भ टिकू देत नाही. (कृत्रिम रेतनाने तो बराच आटोक्यात आलाय.) याचा एक भाऊबंद कासवांत असतो म्हटल्यावर आप्पा लगेच म्हणाले, “मग विहिरीतलं कासव काढू का?”

म्हणून वाचायला घेतलं. कासव-सरड्यांतल्या या जंतूला २०१४ साली ‘टेस्टुडिनम’ हे उपजातीचं नाव मिळालं. २०१६ मध्ये संशोधकांनी दोन्हीकडच्या जंतूंचे अख्खे जीनोम ताडून पाहिले. आपण दोन प्रोग्रॅम ओळीला ओळ लावून बघतो ना, अगदी तसंच! सांगाडा एकाच घराण्याचा, पण अक्षरं ठिकठिकाणी बदललेली. ट्रायकार्बॅलिलेट नावाचं आम्ल पचवणारी जनुकं तर फक्त सरपटणाऱ्यांच्या शाखेत निघाली. म्हणजे दोन्ही शाखा केव्हाच विभक्त झाल्या, आणि गाईला छळणारी शाखा सस्तनांची.

माणसाला मात्र दोन्ही बाधू शकतात. कासवांची शाखा रुग्णांच्या रक्तातही सापडली आहे. तेव्हा कासव विहिरीतच राहिलं. पाणी आम्ही उकळून पितो.