दुबईच्या ऑफिसात भारतीय-पाकिस्तानी शेजारी-शेजारी बसतात, मग सीमेवर तणाव वाढला की तिथं काय होतं?

तारीख २८ ऑगस्ट २०२२, वार रविवार. दुबईत आशिया कपची भारत-पाकिस्तान मॅच होती. शेवटच्या ओव्हरमध्ये हार्दिक पंड्यानं सिक्स मारला आणि भारत जिंकला.

मॅच दुबईत झाली, पण राडा झाला इंग्लंडमधल्या लेस्टर शहरात. जल्लोष, घोषणाबाजी, मारामारी असं सुरू झालं आणि सप्टेंबरच्या मध्यात हिंदू आणि मुस्लीम तरुणांचे जमाव रस्त्यावर आमनेसामने आले. गंमत म्हणजे लेस्टरमधले बरेचसे मुस्लीमही मूळचे भारतातलेच. आणि दुबईत? स्टेडियममधून दोन्हीकडचे लोक बाहेर पडले, टॅक्सी पकडून घरी गेले आणि सोमवारी सकाळी कामावर हजर झाले.

यावर सोशल मीडियावर दोन ठरलेल्या प्रतिक्रिया येतात. पहिली, "बघा, माणसं चांगलीच असतात, राजकारणी भांडणं लावतात." दुसरी, "सगळं नाटक आहे, मनातून द्वेषच असतो." दोन्ही सोप्या आहेत आणि दोन्हींत खरी गोष्ट सुटते.

आधी आकडे बघू. यूएईत ३५ लाखांहून जास्त भारतीय राहतात आणि पाकिस्तानी १५ लाखांच्या पुढे. मूळ अमिराती नागरिक या दोघांपुढे अल्पसंख्य आहेत. म्हणजे तिथं "मी पाकिस्तान्यासोबत काम करणार नाही" असं ठरवणं म्हणजे कामच न करण्यासारखं आहे. अकाउंट्सला भारतीय, साईटवर पाकिस्तानी फोरमन, टॅक्सी चालवणारा पेशावरकडचा पठाण, समोरच्या दुकानात मल्याळी. एकमेकांना टाळायचं तर घराबाहेर पडायची सोय नाही.

हे नातं फाळणीपेक्षाही जुनं आहे. दुबईत १९०९ मध्ये पोस्ट ऑफिस सुरू झालं ते ब्रिटिश भारताचं, तिकिटंही भारताचीच. १९४७ नंतर काही महिने तिथं पाकिस्तानची तिकिटं चालली, मग ब्रिटिशांनी कारभार आपल्याकडे घेतला. १९६० च्या दशकापर्यंत आखातात रुपयाच चालायचा. त्यामुळे १९७० च्या दशकात तेलाचा पैसा आला तेव्हा कराची, कालिकत आणि आपल्या कोकणातून माणसं गेली, ती काही अगदी अनोळखी मुलखात गेली नव्हती. रत्नागिरी, चिपळूण, म्हसळ्याकडची कितीतरी घरं आजही आखातातल्या पगारावर चालतात.

मग भाषा. ऑफिसात इंग्रजी असली तरी चहाला उभं राहिल्यावर हिंदी-उर्दू सुरू होते. बोलायला फरक जेमतेम, लिहायला मात्र लिपी वेगळी. त्यावर लोकांनी आपोआप तोडगा काढलाय, व्हॉट्सअ‍ॅपवर दोघंही रोमन लिपीत लिहितात. शिवाय जेवण आहेच. सातवा भागातलं 'रावी' हे पाकिस्तानी हॉटेल १९७८ पासून सुरू आहे आणि तिथं भारतीय गिऱ्हाईक काही कमी नसतं.

आणि दर महिन्याचा एक हमखास विषय असतो, तो म्हणजे दिरहमचा भाव. एका दिरहमला भारतीय रुपये वीसच्या वर मिळतात, पाकिस्तानी रुपये सत्तरच्या वर. आकडा वेगळा असला तरी प्रश्न एकच, "आज पाठवू की दोन दिवस थांबू?" घरी पैसे पाठवणं, मुलांची फी, आईचं ऑपरेशन, गावाकडं अर्धवट राहिलेलं घर. दोघांच्याही डोक्यात हेच चालू असतं.

पण शांततेचं सगळं श्रेय चहा आणि बिर्याणीला देऊ नका. त्यामागे धाकही आहे.

तिथल्या बहुतेकांचं राहणं नोकरीवर टिकून असतं. नोकरी गेली की ठरलेल्या मुदतीत दुसरी शोधायची, नाहीतर परत निघायचं. त्यात परवानगीशिवाय मोर्चा काढता येत नाही. जुलै २०२४ मध्ये काही बांगलादेशी नागरिकांनी तिथं आपल्याच देशाच्या सरकारविरुद्ध निदर्शनं केली. ५७ जणांना शिक्षा झाली, त्यातल्या तिघांना जन्मठेप. सप्टेंबरमध्ये राष्ट्राध्यक्षांनी त्यांना माफी दिली, पण निरोप सगळ्यांपर्यंत पोचला होता. लेस्टरमधल्या तरुणाला पोलीस पकडतील, कोर्टात नेतील, तरी त्याचं घर तिथंच असतं. दुबईतल्या माणसाला अख्खं बस्तान हलवावं लागतं.

धर्म, वंश यांवरून द्वेष पसरवण्याविरुद्ध यूएईनं २०१५ मध्ये कडक कायदा केला, २०२३ मध्ये त्याच्या जागी नवा कायदा आला. तुरुंग आणि लाखो दिरहमचा दंड, अशा शिक्षा त्यात आहेत. सोशल मीडियावरची पोस्टही यात येते.

आपल्या लोकांना याचा चटका एप्रिल २०२० मध्ये बसला. करोनाच्या सुरुवातीला काही भारतीयांनी मुस्लिमांविरुद्ध पोस्ट टाकल्या. त्यांना वाटलं आपण आपल्या गावच्या मित्रांशी बोलतोय. पण फ्रेंडलिस्टमध्ये ऑफिसचे लोकही होते. स्क्रीनशॉट कंपनीकडे गेले, शारजाच्या राजघराण्यातल्या शेख हेंद अल कासिमी यांनी जाहीरपणे सुनावलं, काहींच्या नोकऱ्या गेल्या. शेवटी भारताचे तेव्हाचे राजदूत पवन कपूर यांना ट्विट करून भेदभाव हा आपल्या मूल्यांच्या आणि कायद्याच्याही विरोधात आहे, हे भारतीयांना सांगावं लागलं. तुमचा कुणी भाऊ, मामा, मित्र आखातात असेल तर त्याला एखादी भडक पोस्ट टॅग करताना हे लक्षात ठेवा. टॅग तुम्ही करता, जाब त्याला विचारला जातो. मदतनिधीसाठी पैसे गोळा करण्याचं आवाहनसुद्धा तिथं परवानगीशिवाय करता येत नाही.

आता मे २०२५ आठवा. पहलगामचा हल्ला, मग ७ मेला ऑपरेशन सिंदूर, १० मेला शस्त्रसंधी. त्या दिवसांत भारताचे उत्तर आणि पश्चिमेकडचे ३२ विमानतळ बंद होते, पाकिस्तानचं हवाई क्षेत्रही बंद झालं होतं. अमृतसरला निघालेला आणि लाहोरला निघालेला, दोघांचीही फ्लाइट रद्द. अशा वेळी शेजारच्या टेबलावरच्या माणसाशी काय बोलायचं? बरेच जण एवढंच विचारतात, "घर पे सब ठीक?" पुढचं कुणी बोलत नाही. कुणाची चूक, कुणी किती पाडलं, हे विषय दाराबाहेर. याला काही लोक भेकडपणा म्हणतील. मला तो शहाणपणा वाटतो, कारण उद्या त्याच माणसाकडून इनव्हॉइसवर सही घ्यायची असते.

त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये आशिया कपला भारत-पाकिस्तान तीनदा भिडले, तिन्ही वेळा दुबईतच. भारतीय खेळाडूंनी हस्तांदोलन केलं नाही, फायनल जिंकल्यावर मोहसिन नक्वी यांच्या हातून ट्रॉफीही घेतली नाही. खेळाडूंना तो निर्णय परवडतो, ते दोन आठवड्यांत घरी जातात. स्टेडियमपासून दहा किलोमीटरवर नोकरी करणाऱ्याला सकाळच्या मीटिंगमध्ये हात पुढं करावाच लागतो.

सगळं गोडीगुलाबीचं असतं असंही नाही. बढती कुणाला, ईदला सुट्टी कुणाला, बॉसनं "आपला माणूस" घेतला का, यावरून कुरबुरी होतातच. मात्र ऑफिसातली गटबाजी बरेचदा देशावरून नसते, भाषेवरून असते. मल्याळी मल्याळ्यात, पश्तो बोलणारे त्यांच्यात. मराठी माणूस संख्येनं कमी, त्यामुळे तो कधीकधी केरळच्या टेबलापेक्षा लाहोरच्या टेबलावर जास्त रमतो. तिथं निदान गप्पा तरी कळतात.

या मैत्रीची खरी अडचण दुबईत नाही, दुबईबाहेर आहे. पंधरा वर्षं एका खोलीत राहिलेल्या मित्राला मुलीच्या लग्नाला चिपळूणला बोलवायचं म्हटलं तरी ते जमत नाही. व्हिसा आधीही मुश्किलीनं मिळायचा. एप्रिल २०२५ मध्ये भारतानं पाकिस्तानी नागरिकांचे मोजके प्रकार सोडून सगळे व्हिसा रद्द केले. मुंबईहून कराची दिल्लीपेक्षा जवळ आहे, पण या दोघांना परत भेटायचं असेल तर तिकीट दुबईचंच काढावं लागतं. म्हणून अशी लग्नं व्हिडिओ कॉलवर पाहिली जातात आणि आहेर दुबईतल्याच कुणाच्या तरी बॅगेतून गावी पोचतो.