ज्युनियर खेळाडू व्यावसायिक कसा होतो?

येरवडा हे पुण्याचे एक टोक धरले, तर बालेवाडी हे दुसरे टोक. मधे सगळे शहर पडते. बालेवाडीला श्री शिवछत्रपती क्रीडासंकुल आहे. १९९४ च्या राष्ट्रीय क्रीडास्पर्धांसाठी ते उभारले गेले. २०१८ ते २०२३ या काळात तेथे ‘महाराष्ट्र ओपन’ ही पुरुषांची आंतरराष्ट्रीय टेनिस स्पर्धा पाच वेळा भरली. त्या दर्जाची पुरुषांची दुसरी स्पर्धा तेव्हा भारतात नव्हती.

जानेवारी २०२३ मध्ये या स्पर्धेत पुण्याचा मानस धामणे खेळला. त्याला पंधरा वर्षे पूर्ण होऊन जेमतेम एक महिना झाला होता, म्हणजे तो तुमच्याच वयाचा होता. त्याच्यासमोर अमेरिकेचा मायकेल ममोह उभा होता. ममोह हा नायजेरियाच्या एका टेनिसपटूचा मुलगा. त्याचा जन्म सौदी अरेबियातील रियाध शहरात झाला. तो मानसपेक्षा जवळजवळ दहा वर्षांनी मोठा. मानस हा सामना २-६, ४-६ असा हरला.

आता तुम्ही विचाराल, पंधरा वर्षांचा मुलगा एवढ्या मोठ्या स्पर्धेत पोचला कसा? आणि एकदा पोचला, तर मग तेथेच का राहिला नाही? या दोन प्रश्नांची उत्तरे कळली, की टेनिसची सगळी व्यवस्था कळते.

टेनिसच्या स्पर्धेत कोणाला घ्यायचे, हे बहुतेक क्रमवारीवरून ठरते. क्रमवारी म्हणजे गुणांप्रमाणे लावलेले खेळाडूंचे क्रमांक. विम्बल्डनचे उदाहरण घ्या. तेथे एकेरीत १२८ खेळाडू असतात. त्यांपैकी १०४ जण क्रमवारीवरून येतात. १६ जण पात्रता फेरीत जिंकून येतात. उरलेल्या ८ जागा आयोजक आपल्या पसंतीने देतात. अशा जागेला ‘वाइल्ड कार्ड’ म्हणतात. लहान स्पर्धांतही अशा दोन-चार जागा असतात. बालेवाडीला मानसला अशीच जागा मिळाली होती. दावतीत यजमानाने एखाद्या मुलाला हाताला धरून बसवावे, तसे हे आहे. त्या दिवशीचे जेवण मिळते. पण दुसऱ्या दिवशीच्या जेवणाची सोय त्यात नसते.

कधीकधी अशा एका संधीने नशीब पालटते, हेही खरे. मुंबईत जन्मलेली आणि हैदराबादला वाढलेली सानिया मिर्झा २००५ साली वाइल्ड कार्डवर ऑस्ट्रेलियन ओपनमध्ये खेळली. ती तिसऱ्या फेरीपर्यंत गेली आणि तेथे सेरेना विल्यम्सकडून हरली. पुढच्याच महिन्यात तिने हैदराबादची स्पर्धा जिंकली. तेव्हा ती अठरा वर्षांची होती. व्यावसायिक महिलांच्या या मालिकेत एकेरीचे विजेतेपद मिळवणारी ती पहिली भारतीय महिला. पण अशी झेप फार थोड्यांना जमते.

बाकीच्यांची वाट पायऱ्यापायऱ्यांची असते. आपल्या देशात १२, १४, १६ आणि १८ वर्षांखालील मुलामुलींच्या स्पर्धा होतात. तेराव्या वर्षापासून अठराव्या वर्षापर्यंत आंतरराष्ट्रीय ज्युनियर स्पर्धाही खेळता येतात. विम्बल्डनमध्येही मुलांची वेगळी स्पर्धा असते. या स्पर्धांचे गुण असतात आणि त्यांची क्रमवारी असते. येथवर सारे सोपे आहे.

खरी अडचण पुढे आहे. ज्युनियर गटात मिळवलेला एकही गुण मोठ्यांच्या क्रमवारीत धरला जात नाही. जगातल्या पहिल्या दहा ज्युनियर खेळाडूंत तुमचे नाव असले, तरी व्यावसायिक खात्यात शून्यच असते. वर्षअखेरीस जे ज्युनियर खेळाडू वरच्या क्रमांकांवर असतात, त्यांच्यासाठी लहान व्यावसायिक स्पर्धांत काही जागा राखून ठेवतात. मदत एवढीच. म्हणून टेनिसमध्ये शिड्या दोन आहेत, असे समजा. पहिली शिडी चढून वर गेलेल्याला खाली उतरून दुसरी पहिल्या पायरीपासून चढावी लागते.

१९९२ साली विम्बल्डनच्या मुलांच्या दुहेरीत अंतिम सामन्यापर्यंत पोचलेली एक जोडी भारतीय होती. त्यातला एक होता महेश भूपती आणि दुसरा पुण्याचा नितीन कीर्तने. पुढे भूपतीने दुहेरी आणि मिश्र दुहेरी मिळून १२ ग्रँड स्लॅम विजेतेपदे जिंकली. कीर्तने भारतातला नावाजलेला खेळाडू झाला. परंतु जागतिक पातळीवर त्याला तेवढे यश लाभले नाही. एकाच जोडीतल्या दोन मुलांची ही गोष्ट आहे.

दुसऱ्या शिडीची पहिली पायरी कशी असते? पुरुषांच्या सर्वांत लहान व्यावसायिक स्पर्धेची एकूण बक्षिसे पंधरा हजार डॉलर असतात. ही रक्कम सगळ्या खेळाडूंत वाटली जाते. एकेरी जिंकणाऱ्याला क्रमवारीचे पंधरा गुण मिळतात. पहिल्या फेरीत हरणाऱ्याला एकही गुण मिळत नाही, आणि त्याच्या हाती दोनशे डॉलरही पडत नाहीत. अशा स्पर्धा ट्युनिशिया, तुर्कस्तान, इजिप्त अशा देशांत आठवड्यामागून आठवडे चालू असतात. स्टेडियम भरलेले नसते. कधीकधी प्रेक्षकांपेक्षा खेळाडूच जास्त!

आता खर्चाचा हिशेब पाहा. लोहगावचा विमानतळ येरवड्यापासून जवळ आहे. तुमच्या डोक्यावरून जाणारी विमाने तुम्ही रोज पाहता. अशा एका विमानाचे तिकीट, मग परदेशी जाणारे दुसरे विमान, तेथला मुक्काम, जेवण, रॅकेटच्या तारा, प्रशिक्षकाचे मानधन, हे सारे खेळाडूने करायचे. क्रिकेटच्या संघात खेळाडूची सोय मंडळ करते. टेनिसपटू एकटा असतो. सोमवारी हरला, तरी हॉटेलचे बिल द्यावेच लागते. २०२३ साली सुमित नागलने सांगितले, की आपल्या बँकेच्या खात्यात फक्त ९०० युरो उरले आहेत. त्या वेळी तो एकेरीत भारताचा पहिल्या क्रमांकाचा खेळाडू होता! त्यानंतर चारच महिन्यांनी, जानेवारी २०२४ मध्ये, त्याने ऑस्ट्रेलियन ओपनमध्ये मानांकित खेळाडू अलेक्झांडर बुब्लिकला हरवले. पहिल्या क्रमांकाच्या खेळाडूची ही स्थिती, तर सतरा वर्षांच्या मुलाच्या घरी काय होत असेल, याची कल्पना करा.

खेळातही फरक असतो. चांगल्या ज्युनियर खेळाडूचे फटके मोठ्यांइतकेच सुंदर असतात. पण मोठ्या खेळाडूची सर्व्हिस जड येते, पाय तिसऱ्या सेटमध्येही थकत नाहीत, आणि तो फुकटचा गुण देत नाही. शरीर भरायला वेळ लागतो. घाई केली तर नुकसान होते. अमेरिकेची जेनिफर कॅप्रियाटी १९९० साली, चौदावे वर्ष पूर्ण होण्याआधीच व्यावसायिक झाली. १९९२ साली तिने ऑलिम्पिकचे सुवर्णपदक जिंकले. पण थोड्याच काळात ती इतकी थकली, की तिने खेळच सोडला. काही वर्षांनी ती परत आली आणि पुन्हा जिंकली, ही गोष्ट वेगळी. तिची अवस्था पाहून लहान मुलींनी वर्षात किती व्यावसायिक स्पर्धा खेळाव्यात, यावर मर्यादा घालण्यात आली. माझ्या मते हा नियम योग्यच आहे.

मग सोळा-सतरा वर्षांच्या मुलाने किंवा मुलीने काय करावे? मानसने इटलीतील बोर्डिगेरा या गावी रिकार्डो पियाटी यांच्या अकादमीत सराव केला. यानिक सिनरही लहानपणी तेथेच शिकला. घर दूर, भाषा वेगळी, आणि शाळेतले मित्र पुण्यात. २०२५ साली, सतराव्या वर्षी, मानसने ट्युनिशियातील मोनास्तिर येथे आपले पहिले व्यावसायिक विजेतेपद मिळवले. बालेवाडीच्या त्या सामन्याला तोवर दोन वर्षे उलटून गेली होती.

पुण्याच्याच ऋतुजा भोसलेने दुसरी वाट धरली. ज्युनियर गटात नाव मिळवल्यावर ती अमेरिकेत टेक्सास ए अँड एम विद्यापीठात शिकायला गेली. तेथे विद्यापीठाच्या संघातून खेळता येते आणि शिक्षणही होते. ते संपल्यावर ती व्यावसायिक स्पर्धांकडे वळली. सप्टेंबर २०२३ मध्ये चीनमधील हांगझोऊ येथे आशियाई क्रीडास्पर्धांत तिने रोहन बोपण्णाबरोबर मिश्र दुहेरीचे सुवर्णपदक जिंकले. पहिला सेट त्यांनी २-६ असा गमावला होता. नंतर ६-३ आणि १०-४ असा विजय मिळवला. ऋतुजा तेव्हा सत्तावीस वर्षांची होती आणि बोपण्णा त्रेचाळीस वर्षांचा.

क्रमवारीविषयी एक गोष्ट सांगायची राहिली. मिळवलेले गुण कायमचे नसतात, ते फक्त ५२ आठवडे टिकतात. मोनास्तिरला स्पर्धा जिंकून मिळालेले गुण वर्षभराने आपोआप वजा होतात. तोवर दुसऱ्या एखाद्या गावी जाऊन तेवढेच गुण पुन्हा मिळवावे लागतात. नाहीतर क्रमांक खाली येतो.