यंत्रांची चरित्रे – लेखांक ९ : सैतानाच्या नखांचे ओरखडे

गेल्या लेखांकात टोयोडा घराण्याने यंत्रमागाच्या कारखान्यातून मोटारीकडे कसा मोर्चा वळवला, त्याची हकिकत आपण पाहिली. आज ज्या कंपनीचे चरित्र सांगावयाचे आहे, तिचा आरंभ तर यंत्रमागाइतक्याही प्रतिष्ठित वस्तूपासून झाला नाही. तो झाला बुचांपासून. पहिल्या महायुद्धाच्या काळात युरोपातून येणारे बुचाचे लाकूड दुर्मिळ झाले, तेव्हा जपानी डोंगरांत उगवणाऱ्या आबेमाकी नावाच्या ओकवृक्षाच्या सालीपासून त्याचा पर्याय तयार करण्याच्या उद्देशाने १९२० च्या जानेवारीत हिरोशिमा येथे ‘तोयो कॉर्क कोग्यो’ नावाची कंपनी स्थापन झाली. युद्ध संपून परदेशी बूच पुन्हा बाजारात येताच या धंद्याचा पाया डळमळू लागला, आणि १९२१ मध्ये तिचा कारभार हाती घेतलेल्या जुजिरो मात्सुदा या गृहस्थांस दुसरा उद्योग शोधणे भाग पडले. मात्सुदा हे कोळ्याच्या घरात जन्मलेले, लहानपणीच लोहारकामाला लागलेले आणि पुढे स्वतःच्या कल्पनेने पाण्याचा पंप बनवून नावारूपास आलेले कारागीर होते. १९२७ साली त्यांनी कंपनीच्या नावातून ‘कॉर्क’ हा शब्द काढून टाकला, आणि १९३१ साली कारखान्यातून बाहेर पडला तो मालवाहू तीनचाकी ट्रक.

या तीनचाकीला नाव दिले गेले ‘माझदा’. जपानी उच्चाराप्रमाणे ते संस्थापकाच्या आडनावाशी जुळते. परंतु रोमन लिपीतील त्याचे अक्षरलेखन मुद्दाम वेगळे ठेवले, कारण त्यात प्राचीन इराणातील प्रकाश व प्रज्ञा यांची देवता अहुर मज्द हिचेही स्मरण अभिप्रेत होते. मुंबईच्या अग्यारींमध्ये ज्या देवाची प्रार्थना शतकानुशतके अखंड चालू आहे, त्याचे नाव जपानच्या एका बंदरी गावातील कारागिराने आपल्या मालगाडीस द्यावे, या योगायोगाचे मला विलक्षण अप्रूप वाटते. आपल्याकडच्या रस्त्यांवर हे नाव फार पुढे, १९८० च्या दशकात, ‘स्वराज माझदा’ या पंजाबात तयार होणाऱ्या छोट्या ट्रक-बसगाड्यांच्या पाठीवर बसून आले. पण त्याविषयी शेवटी.

६ ऑगस्ट १९४५ हा जुजिरो मात्सुदांचा सत्तरावा वाढदिवस होता. त्या सकाळी हिरोशिमावर अणुबाँब पडला. कारखाना शहराच्या पूर्वेस फुचू येथे, स्फोटाच्या केंद्रापासून सुमारे पाच किलोमीटरवर होता आणि दोहोंच्या मध्ये हिजियामा नावाची लहानशी टेकडी उभी होती. तेवढ्या आडोशाने भिंती वाचल्या. शहरात कामासाठी गेलेली माणसे मात्र वाचली नाहीत. सरकारी इमारतींची राख झालेली असल्याने हिरोशिमा प्रांताच्या सरकारने त्याच महिन्यात आपले दप्तर या कारखान्याच्या आवारात हलवले, आणि पुढे जवळजवळ वर्षभर प्रांताचा कारभार तेथूनच चालला. एका मोटार कारखान्याच्या खोल्यांतून रेशन, पंचनामे आणि मृतांच्या याद्या यांचे कामकाज चालले असेल, ही गोष्ट मनात आणून पाहावी, म्हणजे त्या गावाच्या आणि त्या कंपनीच्या संबंधांची जात कळते. त्याच वर्षाच्या डिसेंबरात, म्हणजे स्फोटानंतर सुमारे चार महिन्यांनी, तीनचाकी ट्रक पुन्हा तयार होऊ लागले. उद्ध्वस्त जपानात विटा, लाकूड, मासळी आणि भाजी वाहण्याचे जे काम या तीनचाक्यांनी केले, ते पुढील काळात आपल्याकडे तीनचाकी टेम्पोने केलेल्या कामापेक्षा निराळे नव्हते.

प्रवासी मोटार या कंपनीने प्रथम काढली ती १९६० साली, आणि नेमक्या त्याच सुमारास तिच्या अस्तित्वावर वेगळे संकट येऊ घातले. परदेशी मोटारींना दारे उघडण्यापूर्वी देशी कारखान्यांची संख्या कमी करून त्यांचे दोन-तीन मोठे गट बांधावेत, असा मनसुबा तोक्योच्या व्यापार-उद्योग खात्यात शिजत होता; आणि तसे झाले असते तर हिरोशिमाची कंपनी कोणाच्या तरी पोटात गडप झाली असती. जुजिरोंचे चिरंजीव त्सुनेजी मात्सुदा त्या वेळी अध्यक्ष होते. दुसऱ्या कोणापाशी नाही असे काहीतरी आपणापाशी असले, तरच आपले स्वातंत्र्य टिकेल, असा हिशेब करून त्यांनी जर्मनीतील एनएसयू या कंपनीशी १९६१ मध्ये करार केला आणि फेलिक्स वांकेल यांनी कल्पिलेल्या फिरत्या इंजिनाचा परवाना मोठी रक्कम मोजून विकत घेतला.

नेहमीच्या इंजिनात दट्ट्या वरखाली धावतो आणि त्या धावण्याचे रूपांतर फिरण्यात करावे लागते. वांकेलच्या इंजिनात मुळातच काही वरखाली होत नाही. भुईमुगाच्या शेंगेसारख्या, कमरेशी किंचित आवळलेल्या पोकळीत फुगीर बाजूंचा एक त्रिकोणी लोखंडी गोळा, म्हणजे रोटर, फिरत राहतो, आणि त्याच्या तीन बाजू व पोकळीची भिंत यांच्यामधील जागा आकुंचन-प्रसरण पावत असताना इंधन आत घेणे, दाबणे, पेटवणे आणि धूर बाहेर टाकणे ही चारही कामे एकसारखी चालू राहतात. झडपा नाहीत, सुटे भाग थोडे, आकार लहान, आणि चाल अशी गुळगुळीत की इंजिन चालू आहे किंवा नाही हे काट्याकडे पाहून ठरवावे. मात्र या त्रिकोणाची तीन टोके भिंतीला सतत घासत असतात, आणि तेथून वायू निसटू नये म्हणून प्रत्येक टोकाशी जी अरुंद पट्टी बसवलेली असते, तिच्यावर सर्व काही अवलंबून असते. परवान्याबरोबर आलेले इंजिन हिरोशिमात चालवून उघडले, तेव्हा आतल्या चकचकीत भिंतीवर आडव्या लाटांसारखे खोल चरे पडलेले दिसले. अभियंत्यांनी त्यांना नाव ठेवले, सैतानाच्या नखांचे ओरखडे.

१९६३ मध्ये केनइची यामामोतो यांच्या हाताखाली या ओरखड्यांशी झुंजण्यासाठी स्वतंत्र विभाग निघाला. त्यात सत्तेचाळीस माणसे होती, आणि मृत धन्याचा सूड घेण्यासाठी प्राण पणाला लावणाऱ्या सत्तेचाळीस सामुराईंची कथा प्रत्येक जपानी मुलाला ठाऊक असल्याने या विभागालाही तेच नाव पडले. पट्टीसाठी अनेक पदार्थ घेऊन पाहिले, अनेक आकार पाहिले, आणि अखेर ध्यानात आले की दोष केवळ पट्टीच्या कठीणपणाचा नसून तिच्या थरथरण्याचा आहे; विशिष्ट वेगाला ती आपल्या नैसर्गिक कंपनाने भिंतीवर उड्या मारते आणि प्रत्येक उडीगणिक एक चरा पाडते. पट्टीच्या अंगात आडवी-उभी छिद्रे पाडून तिची कंपनसंख्या बदलताच ओरखडे थांबले. पुढे विक्रीच्या गाडीसाठी कार्बन आणि अॅल्युमिनियम यांच्या मिश्र पट्ट्या वापरल्या. ३० मे १९६७ रोजी दोन रोटरांची ‘कॉस्मो स्पोर्ट’ बाजारात आली. अशा गाड्या सगळ्या मिळून बाराशेदेखील बनल्या नाहीत. पण पुढल्याच वर्षी जर्मनीतील न्युरबुर्गरिंगच्या चौऱ्याऐंशी तासांच्या अखंड शर्यतीत तिच्यापैकी एक चौथी आली, आणि हे इंजिन टिकते एवढे तरी सिद्ध झाले.

आणि येथूनच मालकांची कथा सुरू होते. माझे असे ठाम मत आहे की यंत्राचे चरित्र कारखान्याच्या दप्तरात अर्धेच लिहिलेले असते, आणि उरलेले अर्धे त्याच्या मालकाच्या दारात, खिशात आणि वहीत असते. ज्या एनएसयूने हे इंजिन जगाला दिले, तिने १९६७ मध्येच ‘आरओ ८०’ नावाची देखणी मोटार विक्रीस काढली. परंतु तिच्या पट्ट्या इतक्या लवकर झिजत की मुदतीच्या आत इंजिने फुकट बदलून देता देता कंपनी खचली, आणि १९६९ मध्ये ती फोक्सवॅगनच्या छत्राखाली ऑडीत विलीन झाली. रस्त्यात दोन आरओ ८० समोरासमोर आल्या की त्यांचे मालक आपल्या गाडीची किती इंजिने बदलली तितकी बोटे वर करून एकमेकांस अभिवादन करीत, अशी हकिकत सांगतात. म्हणजे शोध जर्मनांचा होता. तो निभावून नेण्याची जबाबदारी मात्र एकट्या हिरोशिमाने पत्करली.

ती निभावणेही सोपे गेले नाही. हे इंजिन तहानलेले होते. १९७३ चे तेलसंकट कोसळले आणि अमेरिकेत, जेथे कंपनीच्या या इंजिनाच्या गाड्या हातोहात खपत होत्या, तेथे सरकारी चाचणीत शहरातल्या चालीला गॅलनमागे जेमतेम दहा-अकरा मैल जाणारी मोटार म्हणून त्यांची नोंद झाली. विक्री कोसळली, कर्ज वाढले, सुमितोमो बँकेने आपली माणसे कारभारात बसवली आणि १९७७ मध्ये मात्सुदा घराण्याच्या तिसऱ्या पिढीला अध्यक्षपद सोडावे लागले. कामगारांना काढून टाकण्याऐवजी कंपनीने हजारोंना देशभरच्या विक्रेत्यांकडे धाडले, आणि हातात पाना धरणारी माणसे दारोदार फिरून मोटारी विकू लागली. त्याच काळात, १९७५ साली, गावाच्या बेसबॉल संघाने आपले पहिले विजेतेपद मिळवले. त्या संघाच्या अधिकृत नावात ‘तोयो’ हा शब्द आजही आहे, आणि तो याच कंपनीचा आहे.

इंधनाचा खर्च सुमारे चाळीस टक्के कमी करावयाचा निर्धार करून यामामोतोंच्या माणसांनी इंजिन नव्याने घडवले, आणि १९७८ मध्ये आली आरएक्स-७. हिच्या पहिल्या पिढीच्याच पावणेपाच लाखांच्या जवळपास गाड्या बनल्या. तेव्हा मालकांचा अनुभव समजून घ्यावयाचा तर तो हिच्याच मालकांचा घेतला पाहिजे. ही गाडी बाळगणाऱ्याने पहिली सवय लावून घ्यायची ती ऑइलच्या काडीची. इतर मोटार ऑइल ‘खाऊ’ लागली की मिस्त्री मान हलवतो. येथे मात्र टोकाच्या पट्ट्यांना वंगण मिळावे म्हणून इंजिन स्वतःच थोडेथोडे ऑइल आत सोडून जाळत असते, म्हणून दर दोन-तीन टाक्यांमागे काडी बाहेर काढून पाहणे आणि कमी असल्यास भरणे, हा मालकाचा नित्यनेम ठरतो. तो ज्याने पाळला नाही, त्याच्या इंजिनाचे काम लवकरच निघते. दुसरी गोष्ट कानांची. फेऱ्या वाढल्या तरी इंजिन कुरकुरत नाही, थरथरत नाही, त्यामुळे चालकाला वेगाचा अंदाजच राहत नाही. म्हणून मर्यादा जवळ आली की वाजणारा एक भोंगा कंपनीने आतच बसवला होता. आणि तिसरी गोष्ट सर्वांत चमत्कारिक: गाडी धुण्यासाठी अंगणातून फाटकापर्यंत काढली, दोन मिनिटांत बंद केली, आणि सकाळी ती चालूच होईना, हा अनुभव असंख्य मालकांनी घेतला. थंड इंजिनात सोडलेले जादा पेट्रोल भिंतींवरचे ऑइल धुऊन टाकते, प्लग ओले होतात, दाब धरत नाही, आणि मग स्टार्टर फिरवीत बसावे लागते. म्हणून जाणकार मालक गाडी एकदा चालू केली की ती गरम झाल्याखेरीज बंद करीत नाही, आणि आठवड्यातून एकदा तरी मोकळ्या रस्त्यावर तिला पुरेशा फेऱ्यांपर्यंत ताणून आतली काजळी जाळून काढतो. इंजिनाची तब्येत पाहण्याचे मापकही निराळे लागते, कारण प्रत्येक रोटरच्या तीन बाजूंचा दाब तीन वेगळ्या आकड्यांत वाचावा लागतो, आणि तिन्ही आकडे एकमेकांच्या जवळ असले तरच ती गाडी घेण्याजोगी समजतात.

एवढा खटाटोप माणसे का करतात? ज्याने ही गाडी घाटात चालवली आहे तो म्हणतो की इंजिन लहान व हलके असल्याने ते पुढच्या चाकांच्या मागे सरकवून बसवता येते, म्हणून वळणावर गाडीचे नाक जड वाटत नाही. आणि फेऱ्या चढत जातात तसा आवाजही यंत्राचा न राहता एखाद्या पात्याच्या सुरासारखा होत जातो. मला हे उत्तर खरे वाटते, पण पुरते वाटत नाही. जी वस्तू आपल्या रोजच्या लक्षावाचून मरते, तिच्यावर माणूस अधिक जीव लावतो, हेही त्यात असलेच पाहिजे.

जून १९९१ मध्ये फ्रान्समधील ले माँच्या चोवीस तासांच्या शर्यतीत नारिंगी-हिरव्या रंगाची ५५ क्रमांकाची माझदाची ७८७बी, चार रोटर घेऊन, ३६२ फेऱ्या पुऱ्या करून पहिली आली. जपानी गाडीचा तेथील तो पहिला विजय. शेवटचा टप्पा चालवणारे जॉनी हर्बर्ट गाडीतून उतरताच इतके गळून गेले की त्यांना विजयमंचावरही जाता आले नाही.

सामान्य मालकाच्या वाट्याला मात्र २००३ ची आरएक्स-८ आली, आणि तिने पुष्कळांची परीक्षा पाहिली. झिजलेल्या पट्ट्यांच्या तक्रारी इतक्या वाढल्या की अमेरिकेत कंपनीने या इंजिनाच्या गाभ्याची हमी आठ वर्षे अथवा एक लाख मैलांपर्यंत वाढवली. माझ्या मते कंपनीच्या संपूर्ण इतिहासातील हे सर्वांत सन्मान्य कृत्य होय. कारण एनएसयू ज्या ओझ्याखाली मोडली, तेच ओझे हिरोशिमाने मुकाट्याने उचलले. २०१२ मध्ये ही गाडी बंद झाली, तरी जुन्या गाड्यांसाठी इंजिने बनवणे थांबले नाही, आणि पुढे आरएक्स-७ चे मिळेनासे झालेले काही सुटे भाग कंपनीने नव्याने बनवून विक्रीस ठेवले. २०२३ मध्ये एक रोटर पुन्हा विक्रीच्या गाडीत बसला. आता तो चाके फिरवत नाही, विजेवर चालणाऱ्या मोटारीची बॅटरी भरतो.

रोटरी माझदा आपल्या देशात अधिकृतपणे कधी विकली गेली नाही. परंतु स्वराज माझदाच्या शाळेच्या बसेस आणि दुधाच्या, भाजीच्या गाड्या ज्यांनी वर्षानुवर्षे चालवल्या, दुरुस्त केल्या, ते मालक, चालक आणि मिस्त्री महाराष्ट्रात गावोगाव आहेत. त्यांच्यापैकी कोणी ऑइल, डिझेल व सुट्या भागांचा हिशेब लिहिलेली जुनी वही जपून ठेवली असेल, तर तिची नक्कल या लेखमालेच्या पत्त्यावर अवश्य पाठवावी, अशी मी त्यांना विनंती करतो; पुढील लेखांक त्या वह्यांवरच लिहावयाचा आहे.