लीगबाहेर पडलेलें एक गांव

बटेव्हिया हें नांव कानांवर पडतांच आपल्यांतील भूगोलप्रेमी मंडळींना जाव्हा बेटावरील डचांची जुनी राजधानी, म्हणजे आजचें जाकार्ता, आठवेल. आज मी ज्या बटेव्हियाची हकीकत सांगणार आहें तें गांव अगदीं निराळें. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांपैकीं न्यूयॉर्क संस्थानाच्या पश्चिम भागांत, बफेलो आणि रॉचेस्टर या दोन मोठ्या शहरांच्या मधोमध तें वसलेलें आहे. नांवाचें नातें मात्र डचांशींच लागतें. अठराव्या शतकाच्या अखेरीस हॉलंडमधील सावकारांच्या एका कंपनीनें या प्रांतांत लक्षावधि एकर जमीन खरेदी केली आणि तिच्या विक्रीची कचेरी पुढें येथें थाटली. गांवची वस्ती आज सुमारें पंधरा हजारांची आहे.

या गांवाला एक बेसबॉलचा संघ आहे. १९३९ सालीं ज्या लीगच्या जन्माला तो हजर होता, त्याच लीगमधून ८१ वर्षांनीं, २०२० सालीं, तो बाहेर पडला. 'बाहेर पडला' असें म्हणावयाचें तें भाषेच्या सोयीसाठीं. संघ सामने हरला म्हणून त्याला कोणी काढलें नाहीं, किंवा अधिक श्रीमंत गांवानें त्याला विकत नेलें असेंहि झालें नाहीं. संघ जागच्या जागीं राहिला आणि त्याच्या पायांखालून लीगच निघून गेली. असें होऊं शकतें हें समजण्यासाठीं त्या खेळाचा व्यवहार थोडासा पाहिला पाहिजे.

बेसबॉल आपल्याकडे फारसा कोणी खेळत नाहीं. परंतु चेंडू टाकणारा, दांडूनें तो टोलविणारा आणि धांवांचा हिशेब हें सारें तेथेंहि असल्यामुळें क्रिकेटच्या रसिकाला खेळ समजावयास फार वेळ लागूं नये. समजावून सांगावयास हवी ती त्यांच्या संघांची उतरंड. सर्वांत वर 'मेजर' म्हणविणारे तीस क्लब आणि त्यांच्या खालीं पायरीपायरीनें उतरत जाणाऱ्या 'मायनर', म्हणजे दुय्यम, लीगा. या दुय्यम लीगांतील संघाला धनी दोन असतात. खेळाडू, त्यांना शिकविणारा मॅनेजर आणि या सर्वांचे पगार वरच्या क्लबाकडे. कोणाला खेळवावें, कोणाला बसवावें, कोणाला मध्येंच वर उचलावें हें ठरविणाराहि तोच. मैदान, दिवे, तिकिटें, खाण्यापिण्याचीं दुकानें, गांवोगांवच्या प्रवासाचा खर्च हें सारें स्थानिक क्लबाच्या शिरावर. थोडक्यांत, मांडव यजमानाचा, आणि वऱ्हाड मात्र दुसऱ्याच्या हुकमानें उठणार-बसणार! हंगाम ऐन रंगांत आलेला असतांना गांवाचा सर्वांत चांगला टोलेबाज एका रात्रींत वरच्या पायरीवर निघून जातो, आणि गांवानें टाळ्या वाजवून त्याला निरोप द्यावयाचा असतो. पगार तुटपुंजे असल्यामुळें या मुलांना गांवांतलीं कुटुंबें आपल्या घरीं खोली देत, जेवूंखाऊं घालीत. पुढें त्यांतला एखादा नामांकित झाला कीं, 'तो आमच्याकडे उतरला होता' हें सांगण्याचा मान त्या घराला मिळे.

ही पद्धति सेंट लुई येथील कार्डिनल्स क्लबाचे चालक ब्रँच रिकी यांनीं १९२० नंतरच्या दशकांत रूढ केली. तयार खेळाडू विकत घेण्याइतका पैसा त्यांच्या क्लबापाशीं नव्हता. तेव्हां लहान गांवांतले क्लबच हाताशीं धरून, रोपें वाढवावींत तसे खेळाडू वाढविण्याची युक्ति त्यांनीं काढली. अमेरिकन लोक या व्यवस्थेला 'फार्म', म्हणजे शेत, असेंच म्हणतात. (हेच रिकी पुढें ब्रुक्लिनच्या क्लबाकडे गेले आणि १९४७ सालीं जॅकी रॉबिन्सन या कृष्णवर्णीय खेळाडूला मेजर लीगमध्यें उतरवून वर्णभेदाची भिंत त्यांनीं फोडली.) दुसऱ्या महायुद्धानंतर या लहान संघांचें भाग्य विलक्षण उजळलें. १९४९ सालीं अशा ५९ लीगा चालू होत्या आणि वर्षाकांठीं त्यांच्या सामन्यांना सुमारें चार कोटी प्रेक्षक येत. पुढें घरोघर टेलिव्हिजन आला, मोठ्या क्लबांचे सामने दिवाणखान्यांत बसून दिसूं लागले, आणि दहापंधरा वर्षांत त्यांतल्या बहुतेक लीगा बुडाल्या. उरलेल्या जगविण्यासाठीं १९६२-६३ च्या सुमारास वरच्या क्लबांनीं पगाराचा भार आपल्याकडे घेतला. त्या मदतीनें लहान गांवें तरलीं, हें कबूल केलें पाहिजे. परंतु दोरी वरच्या हातांत पक्की झाली ती तेव्हांच.

आतां बटेव्हियाकडे वळूं. १९३९ सालीं पेनसिल्व्हानिया, ऑन्टॅरिओ व न्यूयॉर्क या तीन प्रांतांतील सहा गांवांनीं मिळून एक लीग काढली. प्रांतांच्या नांवांचीं आद्याक्षरें जुळवून तिला 'पोनी', म्हणजे तट्टू, असें सुटसुटीत नांव पडलें. बटेव्हिया, ब्रॅडफर्ड, हॅमिल्टन, जेम्सटाउन, नायगारा फॉल्स आणि ओलियन हीं तीं सहा गांवें. १९५७ पासून ती 'न्यूयॉर्क-पेन लीग' म्हणून ओळखली जाऊं लागली. मूळच्या सहांपैकीं एकेक गांव गळत गेलें. जेम्सटाउनचा संघ २०१४ च्या हंगामानंतर वेस्ट व्हर्जिनियांत हलविला गेला. मधलीं कांहीं वर्षें खंड पडूनहि अखेरपर्यंत राहिलें तें एकटें बटेव्हिया.

संघाचीं नांवें पुष्कळ झालीं. त्यांतलीं 'इंडियन्स' आणि 'पायरेट्स' हीं त्या त्या वेळच्या वरच्या क्लबांचीं उसनीं नांवें. १९९८ सालीं घेतलेलें 'मकडॉग्ज' हें नांव मात्र कोणाचें उसनें नव्हतें. गांवाच्या उत्तरेस दलदलीचा निचरा करून काढलेली काळी, भुसभुशीत जमीन आहे. तिला तिकडे 'मक' म्हणतात आणि तिच्यांत कांदा उदंड पिकतो. काळ्या रानांतले कुत्रे असें नांव एखाद्या संघानें घ्यावें याचें शहरी माणसाला हसूं येईल. मला तें आवडतें. आपल्या शिवारांतल्या मातीवरून संघाला नांव देणारें गांव त्या संघाकडे धंदा म्हणून खास पाहत नसलें पाहिजे.

या मैदानावरून गेलेलीं माणसेंहि लहान नव्हतीं. १९६१ सालीं पिट्सबर्गच्या क्लबानें जीन बेकर यांना येथें मॅनेजर नेमलें. मेजर क्लबांशीं जोडलेल्या अमेरिकेंतील संघाचा मुख्य झालेला हा पहिला कृष्णवर्णीय मनुष्य, असें मानलें जातें. २००० सालीं चेस अटली आणि २००१ सालीं रायन हॉवर्ड हे तरुण येथें खेळून गेले. २००८ सालीं दोघेहि फिलाडेल्फियाच्या क्लबाकडून 'वर्ल्ड सीरीज' जिंकले, आणि योगायोग असा कीं त्याच वर्षीं बटेव्हियानेंहि आपल्या लीगचें अजिंक्यपद पटकाविलें.

असें असूनहि क्लबाचा जमाखर्च जुळणें कठीणच होतें. त्याची मालकी नफा न घेणाऱ्या एका स्थानिक संस्थेकडे होती. १९९० च्या करारांत वरच्या क्लबांनीं मैदानांवरील किमान सोयी कोणत्या असाव्यात तें ठरवून दिलें. त्यापायीं कित्येक लहान गांवांनीं हात टेकले. बटेव्हियानें मात्र १९९६ सालीं आपलें ड्वायर स्टेडियम नव्यानें बांधून घेतलें. तेथें सुमारें अडीच हजार माणसें बसतात. जूनच्या मध्यापासून सप्टेंबरच्या आरंभापर्यंतच्या हंगामांत घरचे सामने ३८; त्यांतहि एखादी पावसाळी संध्याकाळ आली कीं उत्पन्न बुडालें. २००८ पासून दहा वर्षें शेजारच्या रॉचेस्टर शहरांतील क्लबानें बटेव्हियाचा कारभार पाहिला, आणि तो बाजूला झाल्यावर लीगलाच संघ चालवावा लागला.

२०१९ च्या शरदांत वार्ता फुटली कीं, मेजर लीगची मध्यवर्ती कचेरी ४२ दुय्यम संघांशीं संबंध तोडूं पाहत आहे. वृत्तपत्रांत आलेल्या यादींत बटेव्हियाचें नांव होतें. कचेरीचें म्हणणें असें कीं, अनेक मैदानें जुनाट आहेत, प्रवास लांबचे आहेत आणि खेळाडूंना पगार फार कमी मिळतो. शेवटचा मुद्दा अगदीं खरा होता. खालच्या पायऱ्यांवर आठवड्याला तीनशे डॉलरसुद्धां पुरे मिळत नव्हते. पण तो पगार देणारे कोण? तेच वरचे क्लब. दुसऱ्याला जेवावयास कमी वाढावें आणि तो उपाशी राहतो म्हणून पंगतच मोडावी, असा हा न्याय मला वाटतो.

मात्र खरें कारण अधिक खोल होतें, आणि तें हंगामाच्या तारखांत दडलेलें होतें. न्यूयॉर्क-पेन लीगचा हंगाम जूनच्या मध्याला सुरू होई, कारण मेजर क्लब नव्या खेळाडूंची निवड जूनमध्यें करीत. कॉलेजांतून नुकतीं बाहेर पडलेलीं हीं शेंकडों मुलें खेळवावयाचीं कोठें, तर अशा लहान लीगांत. ही निवड चाळीस फेऱ्यांची असे. २०२० सालीं ती पांच फेऱ्यांवर आली आणि २०२१ पासून वीस फेऱ्यांची झाली, तीहि जुलैमध्यें. फ्लॉरिडा आणि ॲरिझोना येथें मोठ्या क्लबांचीं स्वतःचीं शिक्षणकेंद्रें होतींच. मुलेंच कमी घ्यावयाचीं आणि तीं केंद्रांतच ठेवावयाचीं असें ठरल्यावर बटेव्हियाच्या मैदानाचें क्लबांना कांहीं काम उरलें नाहीं. प्रेक्षकांना होतें; परंतु करारांत प्रेक्षक हा पक्ष नसतो.

त्यांतच २०२० सालीं कोविडची सांथ आली. ३० जूनला दुय्यम लीगांचा तो सबंध हंगाम रद्द झाला. सप्टेंबरअखेर जुन्या कराराची मुदत संपली व त्याचें नूतनीकरण झालें नाहीं. ९ डिसेंबरला मेजर लीगनें आपल्याशीं जोडून घ्यावयाच्या १२० संघांची यादी प्रसिद्ध केली. पूर्वीं ही संख्या १६० होती. न्यूयॉर्क-पेन लीगच्या चौदा संघांपैकीं ब्रुक्लिन, ॲबर्डीन आणि हडसन व्हॅली या तिघांना वरच्या पायरीवर जागा मिळाली. लीग संपली. बटेव्हियांत २०१९ सालीं झालेला हंगाम हाच त्या लीगमधला शेवटचा ठरला, आणि तो पाहणाऱ्यांना तेव्हां तें ठाऊक नव्हतें.

हा निर्णय घेणाऱ्यांना कायदा आड कसा आला नाहीं, असें कोणी विचारील. अमेरिकेंत धंद्यांतील मक्तेदारीविरुद्ध कडक कायदा आहे. परंतु १९२२ सालीं तेथील सर्वोच्च न्यायालयानें असा निकाल दिला कीं, बेसबॉलचे सामने हा संस्थानासंस्थानांमधील व्यापार नव्हे, म्हणून त्याला हा कायदा लागू नाहीं. तीस क्लबांचा हा व्यवहार आज कोट्यवधि डॉलरांचा झाला तरी तो निकाल उभा आहे. वगळलेल्यांपैकीं चार क्लबांनीं २०२१ च्या डिसेंबरांत फिर्याद केली. त्यांतले तीन याच लीगमधले होते. प्रकरण सर्वोच्च न्यायालयाच्या दारापर्यंत पोंचलें आणि २०२३ च्या नोव्हेंबरांत आपसांत मिटलें. जुना निकाल तपासला जाण्याची संधि त्यामुळें हुकली.

बटेव्हिया या भांडणांत पडलें नाहीं. एल्मायरा येथें खेळाच्या धंद्यांत असलेल्या एका दांपत्यानें संघ चालविण्याचें अंगावर घेतलें, आणि २०२१ सालीं मकडॉग्ज एका नव्या लीगमध्यें उतरला. ही लीग कॉलेजांतील विद्यार्थ्यांची. त्यांना पगार नाहीं. सुट्टीचे दोन महिने खेळावयाचें आणि परत अभ्यासाला लागावयाचें. खेळाची प्रत उतरली, हें नाकारण्यांत अर्थ नाहीं. पूर्वीं त्या मैदानावर चेंडू टाकणारा एखादा मुलगा चारपांच वर्षांनीं मेजर लीगमध्यें दिसण्याचा बराच संभव असे. आतां तो पुष्कळ कमी झाला आहे. तरीहि तिकिटें पूर्वींपेक्षां अधिक खपूं लागलीं. मध्येंच कोणी खेळाडू वर उचलून नेत नाहीं, म्हणून जूनमध्यें ओळखीचा झालेला मुलगा जुलैच्या अखेरीसहि तेथेंच दिसतो. गर्दीचें हेंहि एक कारण असावें असा माझा तर्क आहे. एल्मायरा, ऑबर्न आणि जेम्सटाउन हीं गांवेंहि याच नव्या लीगमध्यें आलीं. त्यांतलें जेम्सटाउन हें १९३९ सालच्या सहांमधलें.